छतावरची सौर वीज: परवडते, पण नेमकी कोणाला?

घाटमाथा (धागाकर्ता)

कऱ्हाडजवळच्या आमच्या घरावर 3 किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून दोन वर्षे झाली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतेच, की हे खरोखर परवडते का. तोंडी उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच आकड्यांसह लिहितो.

बसवण्याचा एकूण खर्च 1,95,000 रुपये आला. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असे 78,000 रुपयांचे अनुदान खात्यात जमा झाले, म्हणजे पदरचे 1,17,000 गेले. आमचा वापर महिन्याला सरासरी 270 युनिट. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना वहन आकारासह सुमारे 5.90 रुपये, तर 101 ते 300 या टप्प्यात सुमारे 11.50 रुपये पडत होते आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क होते. आज आमच्या बिलात जवळजवळ केवळ स्थिर आकार उरतो. वर्षाला तीस हजारांच्या आसपास बचत होत असल्यामुळे चार वर्षांत पैसे वसूल होतील. पॅनेलची हमी 25 वर्षांची आहे. मध्ये एकदा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र) बदलावा लागेल हे मी धरून चाललो आहे.

सगळ्यात जास्त वीज मे महिन्यात मिळेल हा माझा समज मात्र चुकीचा ठरला. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात दुपारी दीड वाजता पॅनेलच्या चौकटीला हात लावला तर चटका बसतो. फेब्रुवारी-मार्चमधले निरभ्र, कोरडे दिवस सर्वांत चांगले, आणि जुलैमध्ये उत्पादन निम्म्यावर येते.

ज्यांचा वापर 200 युनिटांच्या वर आहे आणि ज्यांचे छप्पर स्वतःचे व मोकळे आहे, त्यांनी थांबू नये असे माझे मत आहे. प्रतिवादाचे स्वागत आहे.

भारनियमन

आपला हिशेब आपल्यापुरता बरोबर आहे. वीज क्षेत्रातल्या नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य या नात्याने त्या हिशेबात न दिसणारी एक ओळ दाखवतो.

आपण दुपारी दोन वाजता वीज ग्रीडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, देता आणि रात्री आठ वाजता तीच परत घेता असे नेट मीटर (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) मानतो. प्रत्यक्षात ती वीज कोणी साठवून ठेवलेली नसते. दुपारी राज्यभर सौर वीज येत असताना औष्णिक संच मागे घ्यावे लागतात, पण ते साधारणतः क्षमतेच्या 55 टक्क्यांच्या खाली नेता येत नाहीत. आणि सूर्य कलला की तासा-दीड तासात तेच संच पुन्हा वर आणावे लागतात. ज्यांनी नियंत्रण कक्षात संध्याकाळची पाळी केली आहे त्यांना ही धावपळ ठाऊक आहे. त्या वेळी हाताशी असते ती मुख्यतः कोयनेची जलवीज, जिची क्षमता 1,960 मेगावॉट असली तरी वीज करण्यासाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी इतके बांधून दिलेले आहे. पाणी खालून वर चढवून साठवण्याची सोय असलेला घाटघरचा प्रकल्प 250 मेगावॉटचा. एवढ्यावर संध्याकाळ निभावते ती कोळशाच्या आधाराने.

दुपारी दोनचे युनिट स्वस्त आणि रात्री आठचे महाग असताना आपल्याला युनिटाला युनिट मिळते, त्यातला फरक कोण भरतो? ज्याच्याकडे छप्पर नाही तो. चांगले बिल भरणारे ग्राहक एकेक करून छपरावर गेले की तारा, रोहित्रे आणि वायरमनचे पगार यांचा भार उरलेल्यांवर पडतो. त्यामुळे 'परवडते' हा शब्द एकट्या घराच्या वहीत तपासून चालणार नाही.

घाटमाथा

साहेब, मुद्दा मान्य आहे, पण तो अर्धा मान्य आहे. माझ्या छपरावरची दुपारची वीज कोयनेपर्यंत जात नाही. ती शेजारच्या पिठाच्या गिरणीत आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात संपते, म्हणजे तेवढी वीज दुरून आणण्याची गळती वाचते. शिवाय आम्ही धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर आणि गिझर आता दहा ते तीनमध्येच चालवतो. जादा युनिटांचे म्हणाल तर 31 मार्चला शिल्लक राहिलेल्यांना जो दर मिळतो, तो पाहून कोणी वीज विकण्याचा धंदा काढणार नाही.

दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटाची किंमत वेगळी धरावी, याला मात्र माझा तात्त्विक विरोध नाही. ती वेगळी धरायची असेल तर पॅनेल बसवण्याआधी तसे सांगावे. 25 वर्षांचा खर्च करायला लावून दर तीन वर्षांनी नियम हलवणे हे ग्राहकाला परवडत नाही.

चौथा मजला

या चर्चेत छप्पर स्वतःचे आहे हे गृहीतच धरले जाते. आमच्या पुण्यातल्या इमारतीत 28 सदनिका आहेत आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली व डिशच्या छत्र्या सोडून जेमतेम 1,000 चौरस फूट मोकळे उन्ह मिळते, म्हणजे फार तर 10 किलोवॉट. ते 28 घरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक पंखा येईल. शेवटी आम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर यंत्रणा घेतली. गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान मिळते. सामाईक बिल बरेच उतरले. घरातले बिल जसेच्या तसे आहे. आमच्यासारख्यांसाठी सौर वीज मोठ्या प्रकल्पातूनच येणार.

विहीरवाला

मोठ्या प्रकल्पाचा विषय निघाला म्हणून शेतकऱ्याची बाजू मांडतो, कारण माझ्या मते या सगळ्यात खरा हिशेब शेतीचाच आहे.

मी वैजापूर तालुक्यात कांदा आणि मका करतो. पूर्वी आमच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या वीजवाहिनीला) आठवड्यातून निम्मे दिवस रात्रीची पाळी असे. रात्री बाराला वीज येणार म्हणून साडेअकराला बॅटरी घेऊन निघायचे, गारठ्यात गुडघाभर चिखलात बारे धरायचे, आणि तीन वाजता फेज गेला की अर्धा वाफा तसाच सोडून परतायचे. सापाची भीती आमच्याकडे. जुन्नरच्या पाहुण्यांकडे बिबट्याची. अशा माणसाला दिवसा आठ तास वीज मिळणे याची किंमत युनिटमध्ये होत नाही.

भारनियमन साहेबांच्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. पिकाला पाणी दिवसा दिले तर बॅटरी लागत नाही; उन्हात तयार झालेली वीज उन्हातच विहिरीतून पाणी वर आणते. शेतीच्या फीडरांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चा पहिला प्रकल्प आमच्याच तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. तो केवळ 3 मेगावॉटचा आहे, पण उपकेंद्राजवळच असल्यामुळे वीज लांब न्यावी लागत नाही. अशा प्रकल्पांची वीज युनिटला सुमारे 3 रुपयांना पडते. शेतीची वीज आजवर कारखान्यांच्या आणि शहरांच्या बिलातून भागवली जात होती. ती मुळातच स्वस्त झाली तर छप्पर नसलेल्यांवरचा भार कमी होईल की वाढेल, हे साहेबांनीच सांगावे.

माझा आक्षेप आहे तो सुट्या सौर पंपाला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 10 टक्के भरून 5 अश्वशक्तीचा पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांत. माझ्या भावाने घेतला. पाणी 40 फुटांवर असताना उत्तम चालला. मार्चमध्ये पाणी खाली गेले तशी धार करंगळीएवढी झाली. कंट्रोलर बिघडला तेव्हा पुरवठादाराचा माणूस यायला 26 दिवस लागले आणि तोवर मका करपला. आणखी एक गोष्ट: कापणीनंतर तो पंप महिनोन्महिने बंद असतो, पॅनेल मात्र रोज तापत राहतात. तीच पॅनेल फीडरला जोडलेली असती तर ती वीज कोणाच्या तरी कामी आली असती. लाखो रुपयांचे यंत्र वर्षातले निम्मे दिवस नुसते उन्ह खाते, याला परवडणे म्हणत नाहीत.

भारनियमन

शेतीच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. चाळीस वर्षे आम्ही शेतीचा भार रात्री ढकलत आलो, कारण तेव्हा रात्री वीज शिल्लक असे; आता दुपारी शिल्लक आहे, तर तो दुपारी आणावा हे सरळ आहे. माझा विरोध 'सौर म्हणजे फुकट' या भाषेला आहे. ऑगस्टमध्ये सलग आठ दिवस आभाळ भरून राहिले तर पर्यायी वीज तयार ठेवावीच लागते, आणि तयार ठेवण्याचेही पैसे पडतात. त्या 3 रुपयांत ते धरलेले नाहीत.

माळरान

3 रुपयांत जमीनही धरलेली नाही, असे मी म्हणेन. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात. सौर कृषी वाहिनी योजनेतून 16,000 मेगावॉट उभे करायचे असतील तर 64 ते 80 हजार एकर झाले. खाजगी जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याला ते वाईट नाही. परंतु उपकेंद्राजवळचे गायरान दिले जाते तेव्हा भाडे मेंढपाळाला मिळत नाही, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव कधीच नव्हते. कागदावर ती पडीक जमीन असते. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन जो तिथे उतरतो त्याला तारेचे कुंपण दिसते आणि तो पुढच्या गावाला जातो. पॅनेल थोडी उंच लावून खाली चराई ठेवणे अशक्य नाही, मात्र लोखंडाचा खर्च वाढतो आणि निविदा सर्वांत कमी दरालाच मिळते.

घाटमाथा

माळरान यांचा मुद्दा मला नवीन होता आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. छपरांचा आग्रह धरण्याचे ते एक कारण मात्र नक्कीच आहे, कारण छपराखाली कोणाची मेंढरे चरत नसतात.

एक कबुली मूळ लेखात राहून गेली. गेल्या मे महिन्यात वादळाने खांब पडला आणि दिवसभर वीज नव्हती. बाहेर लख्ख ऊन, वर 3 किलोवॉटची पॅनेल आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसलो होतो. शेजारचे काका येऊन म्हणाले, "अहो, तुमच्याकडे सोलर ना?" ग्रीड बंद झाले की ही यंत्रणाही आपोआप बंद होते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. वीज गेल्यावरही घर चालायला हवे असेल तर बॅटरीसह वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि मग माझे चार वर्षांचे गणित पुष्कळ लांबते. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

पागोळी

माझी आई रत्नागिरीजवळ एकटी राहते. तिचे बिल 90 युनिटांच्या पुढे कधी जात नाही. कौलारू घर आहे आणि दक्षिणेला फणस आहे. तिच्यासाठी घ्यावे का?

घाटमाथा

ताई, 90 युनिट म्हणजे स्थिर आकार सोडून वर्षाला सहा-सात हजारांचे बिल. 1 किलोवॉटला अनुदान जाऊन साधारण 45,000 रुपये तरी लागतील आणि कोकणात पावसाचे चार महिने उत्पादन कमी, म्हणजे सात वर्षांच्या आत पैसे फिटणार नाहीत. 100 युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने जादा अनुदानाची वेगळी योजना आणली आहे. तिच्यात नाव बसत असेल तर विचार करावा, एरवी नको.

भारनियमन

फणसाची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या माळेतल्या सगळ्या पॅनेलांचे उत्पादन घसरते, त्यामुळे आधी डिसेंबरमध्ये दुपारी दोन वाजता सावली कुठवर येते ते पाहावे. कौलांवर चौकट बसवताना किती कौले फुटतील तेही गवंड्याला विचारून घ्यावे.

पागोळी

सावली ओटीपर्यंत येते. फणस आजोबांनी लावलेला असल्यामुळे तो तोडायचा विषय आईपुढे काढणे शक्य नाही. तूर्त तिच्याकडे जुने पंखे बदलून कमी विजेवर चालणारे बसवते.