केळीच्या रोगांवर काम करायचे आहे : बारावीनंतर कृषी पदवी घ्यावी की सूक्ष्मजीवशास्त्र?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातील विद्यार्थिनी असून यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. पीसीबी गटातून सीईटीही दिली आहे. प्रवेशाचे अर्ज भरण्यापूर्वी या दोन विषयांत शिकलेल्या किंवा काम करणाऱ्या जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमची केळीची बाग आहे. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या बागेची) लागवड झाली आणि पावसाची झड लागली की वडिलांचा जीव हरण्या रोगाच्या काळजीने टांगणीला लागतो. कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागतात, पाने अरुंद व कडक होतात, पोंगा (मधले न उलगडलेले पान) सडतो आणि अशी झाडे मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. रोपे, ठिबक, खते यांवर खर्च करून वाढवलेली बाग स्वतःच्या हातांनी उपटताना घरातले कोणी एकमेकांशी फारसे बोलत नाही.

अकरावीत विषाणूंचा धडा सुरू होता. 1892 मध्ये इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने रोग झालाच, हे वाचल्यावर मी शेतातले एक पान सरांकडे नेले. सरांनी ते उलटे धरून भिंगाखाली शिरेलगतचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दाखवला आणि समजावले की हरण्या हाही विषाणूजन्य रोग आहे, काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो आणि बांधावरची तणे यांतून मावा तो विषाणू केळीवर आणतो, मात्र प्रत्यक्ष विषाणू पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शाळेच्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही अर्ध्या तासाची शिकवणी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे अकरावीची इंग्रजी पुस्तके जड गेली, पण धडा आधी मराठीत समजावून मग इंग्रजी संज्ञा देणारे शिक्षक लाभले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. प्रात्यक्षिके मात्र कमी झाली. एका सूक्ष्मदर्शकापुढे अख्खी तुकडी रांगेत उभी राहत असे, आणि पुढचे शिक्षण निवडताना मी प्रयोगशाळेबद्दल इतकी चौकशी करते ती त्यामुळेच.

पहिला पर्याय धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे असून पदवी चार वर्षांची आहे, आणि पुढे वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करता येते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना 2024-25 पासून मिळणाऱ्या शुल्कमाफीत आम्ही बसतो (कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे), त्यामुळे घरून पैशांची अडचण नाही. दुसरा पर्याय जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पुढे शिकण्याचा. जळगाव एसटीने जाऊन-येऊन करता येईल, म्हणून आईचा कल तिकडे आहे. मामांना मी नर्सिंगला जावे असे वाटते, पण तो विचार मी बाजूला ठेवला आहे.

माझा कल कृषीकडे आहे. रोग शेतात कसा पसरतो हे कळल्याशिवाय प्रयोगशाळेतले उत्तर शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही, असे मला मनापासून वाटते. शिवाय कृषी संशोधन सेवेतून वनस्पती रोगशास्त्राचा शास्त्रज्ञ व्हायचे तर त्याच विषयातले उच्च शिक्षण लागते. शंका एवढीच की कृषीच्या पदवीत मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र असे अनेक विषय असताना रोगशास्त्राच्या वाट्याला किती वेळ येतो?

म्हणून विचारते. ज्यांनी बी.एस्सी. कृषी केले आहे त्यांना पदवीच्या काळात एलायझा, पीसीआर यांसारख्या विषाणू ओळखण्याच्या चाचण्या स्वतःच्या हाताने करायला मिळाल्या का? सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन वनस्पती विषाणूंच्या संशोधनात गेलेले कोणी आहे का, आणि त्यांना एम.एस्सी.ला कोठे प्रवेश मिळाला? तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेतात का? धुळ्यात शिकलेल्या मुलींनी वसतिगृहाबद्दलही अवश्य लिहावे, कारण आईचा निर्णय बराचसा त्यावर ठरेल. कृषीला पसंती देऊन नंतर पस्तावलेल्यांचे अनुभवही मला तितक्याच आदराने ऐकायचे आहेत.