खिशाला चाट न लावता वंशावळ शोधायची आहे, सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. माझी आजी (वडिलांची आई) नव्वदीला टेकली आहे. ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. तिच्या पेटीतून जुने फोटो, थोडी पत्रं आणि घडीवर विरलेला एक दाखला निघाला, तेव्हापासून वंशावळ नीट लिहून काढायचं मनात घेतलंय. पणजोबांचं नाव माहीत आहे, त्यांच्यामागे सगळा अंधार. नेटवर शोधायला गेलं की थोडं दाखवतात आणि मग वर्गणी मागतात. चुलतभाऊ म्हणतो, डीएनए चाचणी कर, सगळं कळेल. तेवढा खर्च मला झेपणारा नाही. कोणी कमी पैशात हे केलंय का?

सागर_पी
फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर खातं उघडा, एक पैसाही लागत नाही. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हा पंथ ते चालवतो. १९३८ पासून त्यांनी देशोदेशीच्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेल्या फिती) काढल्या. त्या सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पुरं झालं. नाव टाकून काही आलं नाही म्हणून लगेच सोडू नका. पुष्कळ कागदांची नावनिशीवार सूची अजून झालेली नाही. कॅटलॉगमध्ये ठिकाणाचं नाव शोधा आणि पानं एकेक करून चाळा. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन बघाव्या लागतात, तेही फुकट. वर्गणीवाल्या काही साइट अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी वाचकांसाठी घेतलेल्या असतात, तिथे एकदा विचारा.
कोणी जहाजाने न्यूयॉर्कला उतरलं असेल तर एलिस आयलंड या तिथल्या जुन्या स्थलांतर केंद्राची प्रवासी यादी आहे. दोन महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात असताना कोणी मरण पावलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत सुमारे १७ लाख नावं आहेत. दोन्ही याद्या मोफत.

वसुधा_मावशी
मृण्मयी, सागर म्हणतोय ते सगळं खरं आहे, पण तू आधी संगणक बाजूला ठेव आणि आजीजवळ जाऊन बस. दप्तरखाने पुढच्या वर्षीही उघडे असतील.

तिला ‘आपले पूर्वज कोण’ असं विचारू नकोस. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोणीही चार नावं सांगून गप्प होतं. चांगल्या उजेडात एकच फोटो तिच्या हातात दे. मागच्या रांगेत डावीकडून दुसरी कोण? कडेवरचं मूल कोणाचं? हे लग्न कोणाचं? ऐकू कमी येतं ना, तर प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोटोशेजारी ठेव. ओरडून विचारलं की म्हातारी माणसं दमतात आणि बोलणं आखडतं घेतात. फोनवर आवाज रेकॉर्ड कर, पण सुरू करताना ‘फोटो क्रमांक चार’ असं मोठ्याने बोल. नाहीतर नंतर ‘ही बघ, ही, हिच्या शेजारचा’ एवढंच ऐकू येईल आणि ही कोण ते कळणार नाही.

आणि एक प्रश्न प्रत्येक फोटोला विचार: यात कोण नाहीये? माझ्या आईच्या मावशीला मी एका लग्नाच्या फोटोवर हा प्रश्न विचारला. ती बराच वेळ बघत राहिली आणि एका बहिणीचं नाव तिने घेतलं. बाळंतपणात गेलेली. आमच्या घरातल्या एकाही कागदावर ते नाव नव्हतं. ती त्या फोटोच्या आदल्याच वर्षी गेली होती, त्यावरून फोटोचं सालही लागलं.

फोटोंच्या दोन्ही बाजू टिपून घे. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने कोणीतरी नाव लिहिलेलं असतं. बॉलपेनने मागे काही लिहू नकोस, दाब पुढे उमटतो. तुझा तो घडीवर विरलेला दाखला चिकटपट्टीने जोडू नकोस आणि लॅमिनेट तर मुळीच करू नकोस. सपाट करून कागदी पाकिटात ठेव.

बायकांची माहेरची नावं आत्ताच विचारून घे. याबाबतीत मी फार आग्रही आहे. कितीतरी वंशावळींत पुरुषांची नावं सात-आठ पिढ्या सलग असतात आणि बायकांच्या जागी नुसतं ‘पत्नी’. तू स्वतः एक, वडील दोन, आई तीन असे आकडे दे. कोणाच्याही वडिलांचा आकडा त्या माणसाच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे तुझी ही आजी पाच आणि तिची आई अकरा. आकडे घातले की कोणत्या जागा रिकाम्या आहेत ते एका नजरेत दिसतं, आणि त्यात बहुतेक विषम आकडे निघतात. दहा पिढ्या मागे गेलीस तर त्या एका पिढीतच १,०२४ जागा होतात, म्हणून पहिल्यांदा एकच शाखा धर.

पणजोबांच्या वर वाट अडली तर आडवी जा. त्यांचे भाऊ, बहिणी, त्यांच्या दाखल्यांवर आणि व्यवहारांवर साक्षीदार म्हणून कोणी सही केली ते बघ. साक्षीला माणूस बहुधा जवळचाच बोलावतात. दूरच्या भावंडांना पत्र किंवा निरोप पाठवशील तेव्हा ‘काय माहिती असेल ती कळवा’ असं लिहू नकोस. एक फोटो आणि एकच प्रश्न पाठव. त्याला उत्तर येतं.

अनिरुद्ध_७
माहिती साठवायला ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, आपल्याच संगणकावर राहतं आणि देवनागरीत नावं घालता येतात. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी त्यातून जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला प्रकार) बाहेर काढता येते ना, एवढं बघा, म्हणजे उद्या दुसरीकडे जाताना सगळं पुन्हा टाइप करायला नको. हयात माणसांच्या जन्मतारखा ऑनलाइन टाकू नका.
डीएनएची घाई नको. सख्ख्या चुलत-मामे भावंडांशी सरासरी साडेबारा टक्के डीएनए जुळतं, पणजोबांच्या भावंडांच्या नातवंडांपर्यंत गेलं की दीड टक्क्याच्या आसपास येतं, आणि पुढे आणखी घटत जातं. शिवाय समोरच्यानेही चाचणी केलेली हवी. चाचणी नातं सांगते, पूर्वजाचं नाव सांगत नाही.

मृण्मयी_के
मावशी, काल आजीसमोर तीन फोटो ठेवले आणि मला एक आत्या-आजी नव्याने कळली! पण दोन ठिकाणी अडलेय. दाखल्यात पणजोबांचं जन्मसाल एक आहे आणि एका पत्रातल्या वयावरून ते पाच वर्षांनी मागे जातं. शिवाय नेटवर कोणीतरी आमच्या आडनावाची वंशावळ थेट एका राजघराण्यापर्यंत नेली आहे. ती धरू का?

वसुधा_मावशी
राजघराण्याचं आधी. प्रत्येक पिढीखाली कागदाचा आधार दिलाय का बघ. नसेल तर ती उतरवून घेऊ नकोस, त्या माणसाला निरोप पाठवून आधार विचार. आडनाव एक आहे म्हणून घराणं एक ठरत नाही. ऑनलाइन झाडं एकमेकांवरून उतरवलेली असतात, त्यामुळे दहा ठिकाणी तेच दिसलं तरी मूळ एकच असू शकतं.

जन्मसालाचं म्हणशील तर दोन्ही सालं लिहून ठेव, प्रत्येकापुढे ते कोणत्या कागदातून आलं तेही लिही. मग बघ, माहिती कोणी दिली आणि घटनेनंतर किती काळाने दिली. जन्माच्या वेळची नोंद असेल तर तिचं वजन जास्त. पुढे कधीतरी कामापुरता काढलेला दाखला असेल तर त्यातलं साल अंदाजाने सांगितलेलं असू शकतं. पत्रातलं वय चाळीस किंवा पंचेचाळीस असं शून्यावर-पाचावर संपत असेल तर सावध राहा. जुन्या जनगणनांमध्येही अशी वयं प्रमाणाबाहेर दिसतात, कारण लोक वय गोळाबेरजेने सांगत.

आणखी एक शक्यता आहे. लहानपणी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवण्याची रीत कित्येक समाजांत होती. तुझ्याकडची दोन सालं दोन वेगळ्या भावांचीही असू शकतील. पणजोबांच्या आधी त्याच नावाचं एक मूल झालं होतं का, हे आजीला उद्या मोठ्या अक्षरात लिहून विचार.