मदत हवी आहे: हौशी जायरोप्लेन पायलटला जंप टेकऑफ खरंच झेपतो का?

माझं जायरोप्लेन (उडताना ज्याचा वरचा रोटर इंजिनाने नाही, तर हवेच्या झोताने फिरतो असं यंत्र) दोन आसनी आहे. रोटर दोन पात्यांचा, पिच (पात्यांचा तिरपा कोन) स्थिर. प्रीरोटेटरने (टेकऑफआधी इंजिनाच्या जोरावर रोटर फिरवणारी जोडणी) रोटर २०० आरपीएमच्या वर नेऊन, वाऱ्याच्या तोंडावर टेकऑफ करून धाव बरीच कमी केली. पण गवत ओलं असलं की ती पुन्हा लांबते, म्हणून जंप टेकऑफचा, म्हणजे न धावता जागेवरून उभं उडण्याचा, विचार डोक्यात आहे.

तत्त्व माहीत आहे. पात्यांचा पिच सपाट ठेवून रोटर उड्डाणातल्या वेगापेक्षा जास्त फिरवायचा, क्लच सोडायचा आणि लगेच पिच वाढवायचा. वेग दीडपट केला तर साठलेली ऊर्जा सव्वादोन पट होते, त्यावरच यंत्र उभं उचललं जातं. स्पॅनिश अभियंता सिएर्वाच्या ऑटोजायरोने (जायरोप्लेनचंच जुनं नाव) १९३६ मध्येच हे करून दाखवलं होतं, एअर अँड स्पेस १८ए या जायरोप्लेनमध्येही ही सोय होती. तेव्हा शक्य आहे का, हा प्रश्नच नाही.

मला धास्ती आहे ती उडी मारल्यानंतरच्या काही सेकंदांची. रोटरचा वेग उतरतोय, पुढचा वेग अजून आलेला नाही, आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं तर?

माझ्या रोटरच्या हबमध्ये (पाती जोडलेला मधला भाग) फेरफार करणार नाही. घ्यायचंच झालं तर कारखान्यात तसं बनवलेलं यंत्र घेईन. हेलिकॉप्टर घ्या, हा सल्ला कृपया नको.

स्थिर पिचचं आणि जंप टेकऑफचं, अशी दोन्ही प्रकारची यंत्रं उडवलेल्यांनी सांगावं: वारा पडलेला असताना, दोघं बसलेले असताना, उडीनंतर चढाईचा वेग येईपर्यंत यंत्र किती खाली बसतं? आणि पिच बदलणाऱ्या हबची देखभाल वाचलेल्या धावेच्या मानाने परवडते का?