घरात चार संगणक झाले आहेत. ते एकत्र कसे नांदवावेत?

त्रिमूर्तीनगरवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचे घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला आहे. खालच्या मजल्यावर आई-बाबा राहतात, वर आम्ही दोघे आणि दोन मुले. गेल्या वीस वर्षांत एकेक करून घरात चार संगणक जमा झाले असून कोणी ठरवून असे केलेले नाही. जुना टाकवला नाही आणि नवा घ्यावाच लागला, इतकेच.

बाबांचा डेस्कटॉप सर्वांत जुना आहे आणि त्यावर अजूनही विंडोज एक्सपी चालते. महाल भागात त्यांचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडून देण्याचा, व्यवसाय होता. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असे काम ते पेजमेकर या पाने मांडण्याच्या आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर करत, आणि आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही कॉलनीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च त्याच यंत्रावर जुळवतात. दुसरा माझा २०१६ सालचा डेस्कटॉप, ज्यावर विंडोज १० आहे. त्याचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्याला नकार देते. तिसरा पत्नीला मिहानमधील तिच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप, आणि चौथा मुलीचा, जी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धाकटा मुलगा ज्याचा रिकामा दिसेल त्याचा वापरतो.

यंत्रे चार असूनही, किंवा चार असल्यामुळेच, हवी ती फाइल वेळेवर मिळत नाही. मागच्या दिवाळीत मुलीने माझा डेस्कटॉप मंद चालतो म्हणून फॉरमॅट केला. आमच्या बेसा येथील प्लॉटच्या खरेदीखताचे आणि सातबाराचे स्कॅन त्यावर होते. ते तिच्या लॅपटॉपवर आहेत असे मी समजत होतो आणि ते माझ्याकडे आहेत असे ती समजत होती. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित होते म्हणून केवळ एका चकरेवर निभावले.

एका घरातील अनेक संगणकांची व्यवस्था नीट कशी लावावी? एखादा कमी करावा, की सगळे ठेवून एकमेकांना जोडावेत? वायफाय वरच्या मजल्यावर चांगले मिळते, खाली मात्र रडतखडत. बाबांचा संगणक इतरांच्या नेटवर्कमध्ये दिसतच नाही, याचेही कारण कळलेले नाही.

---

बर्डीचे_जुने_गिऱ्हाईक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. विंडोज एक्सपी फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी एसएमबी या पद्धतीची केवळ पहिली आवृत्ती जाणते. ती असुरक्षित ठरल्यामुळे नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद असते. म्हणजे दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असले तरी त्यांची भाषा वेगळी आहे. ती जुनी पद्धत इतर संगणकांवर मुद्दाम सुरू करण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल. तो कृपया मानू नका. एक्सपीचे सुरक्षा अद्ययावतीकरण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आहे. बाबांचे यंत्र इंटरनेटपासून तोडलेलेच राहू द्या आणि फाइली पेन ड्राइव्हने न्या-आणा.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे संगणक जास्त झालेत असे मला वाटत नाही. कोणत्या फाइलीचे घर कोणते, हे कोणीच ठरवलेले नाही, एवढीच अडचण आहे. घरातील कागदपत्रे, फोटो, मुलांच्या गुणपत्रिका या सर्वांची मूळ प्रत एकाच ठिकाणी असावी आणि बाकीच्या यंत्रांवर असेल ती केवळ कामापुरती नक्कल, अशी शिस्त एकदा लागली की उद्या कोणताही लॅपटॉप बिघडला, फुटला किंवा मुलीने पुन्हा फॉरमॅट केला तरी नुकसान फक्त यंत्राचे होईल.

त्यासाठी आपला २०१६ चा डेस्कटॉप उत्तम आहे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांसाठी दिलेली मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली टाका, जुनी फिरती डिस्क असेल तर प्रणालीसाठी एक लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि त्याला घराचे कोठार करा. सिंकथिंग हे विनामूल्य सॉफ्टवेअर मुलीच्या लॅपटॉपवर आणि कोठारावर ठेवले तर ठरलेले फोल्डर दोन्हीकडे आपोआप सारखे राहतात. मात्र येथे एक धोका आहे, जो मी स्वतः भोगलेला आहे: एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. म्हणून त्यातील जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय सुरू करा आणि याला बॅकअप समजू नका. बॅकअप म्हणजे एक वेगळी बाह्य डिस्क, जी आठवड्यातून एकदा जोडायची, नक्कल झाली की काढून कपाटात ठेवायची; आणि महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो वा भावाच्या घरी.

पत्नींच्या लॅपटॉपला या सगळ्यापासून दूर ठेवावे. तो कंपनीचा आहे, त्यावर घरच्या फाइली नकोत आणि घरच्या नेटवर्कवर त्याच्या फाइली नकोत. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करण्याची सोय बहुधा असते, त्यावर त्याला जोडा.

खालच्या मजल्यासाठी वायफाय वाढवणारी डबी घेण्यापूर्वी एक कॅट-सिक्स (नेटवर्कची) वायर खाली उतरवण्याचा विचार करा. सिमेंटचा स्लॅब वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच अंशी अडवतो. गिगाबिट वायरवरून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात. राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील तर मात्र जेमतेम ११, म्हणून ते आधी तपासा.

---

वाळ्याची_ताटी

वरील उत्तर चांगले आहे. परंतु डेस्कटॉपला कोठार करून चोवीस तास चालू ठेवायचे असेल तर मी सहमत नाही, आणि हे नागपूर आहे याचा त्यात विचार झालेला दिसत नाही.

आधी विजेचा हिशेब करू. जुना डेस्कटॉप काही न करता नुसता चालू असला तरी ६० वॅट घेतो असे धरा. दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे ४३.२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतर, मग ३०० आणि ५०० नंतर दर चढत जातो. उन्हाळ्यात कूलर आणि एसीमुळे आपण आधीच वरच्या टप्प्यात असतो, त्यामुळे हे ४३ युनिट सर्वांत महाग दराने पडतात. दहा वॅटवर चालणारा एखादा लहान संगणक हेच काम ७.२ युनिटांत करील. ते नको असेल तर डेस्कटॉप संध्याकाळी दोन-तीन तास चालू ठेवा. घरच्या कोठाराला रात्रभर जागण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी गोष्ट कूलरची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आपण सगळे कूलरच्या झोतात बसतो आणि संगणकही तेथेच मांडतो. त्या हवेत ओल असते, बोअरचे पाणी असेल तर क्षारही असतात, आणि विदर्भातील उन्हाळ्याची धूळ त्यात मिसळून पंख्यांवर आणि हीटसिंकवर असा थर बसतो की तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. माझ्या एका डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, याच कारणाने गेला असे दुरुस्ती करणाऱ्याने मला उघडून दाखवले. संगणक कूलरच्या खोलीत ठेवा, पण समोर नको, आणि भिंतीपासून वीतभर पुढे.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की लोक प्लग काढतात आणि नेटवर्कची वायर तशीच ठेवतात. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून आलेली तांब्याची वायर वीज घरात आणू शकते. म्हणून वर सुचवलेली कॅट-सिक्स बाहेरून न टाकता जिन्यातून, पट्टीतून उतरवा. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर (वीज जाताच क्षणार्धात बॅटरीवर जाणारा) आहे का ते पाहा, नाहीतर वीज जाताच पंखा फिरत राहील आणि डेस्कटॉप मात्र बंद पडेल. लॅपटॉपला याची चिंता नाही. राउटरला आहे, त्याच्यासाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो.

---

त्रिमूर्तीनगरवासी

दोघांचेही मनापासून आभार. आमचा डेस्कटॉप नेमका कूलरच्या समोर आहे, हे वाचून पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते येथे लिहीत नाही.

एक प्रश्न उरला. बाबांच्या यंत्राचे काय करावे? त्यातील फाइली मी माझ्या संगणकावर उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. मागे डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारी किल्लीसारखी डबी) आहे, तो प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसतो आणि नव्या संगणकांना तसे पोर्टच नाही. दुकानदार म्हणतात, भंगारात द्या. बाबा म्हणतात, मग मलाही द्या.

---

खिळेजुळारी

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीही इतवारीत याच धंद्यात हयात घालवली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तो काला दिसतो याचे कारण असे की त्या काळच्या फाँटमध्ये मराठी म्हणून काही साठवलेले नसतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलीत खरोखर असतात ती रोमन अक्षरे. त्यांवर श्रीलिपीचा फाँट चढला की डोळ्यांना मराठी दिसते. फाँट नाही तर मराठी नाही. युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

जुन्याचे युनिकोड करून देणारे परिवर्तक मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठत, युनिकोडमध्ये ती उच्चारली जातात त्या क्रमाने. ‘हिंगणा’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘ह’ नंतर येतो, युनिकोडमध्ये उलट. ‘वर्धा’ मधील रफार जुन्या फाँटमध्ये ‘धा’ नंतर पडतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ ‘ध’ च्या आधी असतो. परिवर्तक चुकतो तो येथेच, आणि जोडाक्षरांत. आकडे आणि नावे असलेला मजकूर, विशेषतः जमाखर्च, बदलून झाल्यावर वडिलांनी स्वतः वाचून तपासावा; हे प्रूफ त्यांच्याइतके दुसरे कोणी चांगले वाचणार नाही.

मी आपल्या जागी असतो तर घाई न करता असे केले असते. यंत्र चालू आहे तोवर पेजमेकरमधील महत्त्वाच्या फाइलींचे फाँटसकट पीडीएफ करून घ्यावे. ते कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसेल आणि छापता येईल, फक्त त्यातील मजकूर उचलता येणार नाही. ज्यांचा मजकूर पुढे वापरायचा आहे तेवढ्याच फाइली युनिकोडमध्ये न्याव्यात. लग्नपत्रिका कशाला बदलायच्या? त्या जोडप्यांची मुले आता कॉलेजात असतील.

त्यानंतर डिस्क काढून, आयडीई-यूएसबी जोडणी (जुनी डिस्क यूएसबीला जोडणारी) वापरून, संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, कोठारावर घ्या. वीस वर्षांची डिस्क कोणत्या दिवशी उठणार नाही हे सांगता येत नाही, म्हणून हे काम पीडीएफच्याही आधी केले तरी चालेल. डोंगलसाठी यूएसबी-पॅरलल वायर आणायला धावू नका. ती बहुतेक प्रिंटरपुरतीच असते, डोंगल तिच्यावर ओळखला जात नाही. मीच दोन आणून पाहिल्या. म्हणून यंत्र राहू द्या. घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला. आणि ते खरोखर टाकायची वेळ येईल तेव्हा भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, डिस्क मात्र स्वतःजवळ ठेवून.

---

त्रिमूर्तीनगरवासी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. रविवारी बाबांच्या डिस्कची प्रतिमा घेतली. दोन फाइली वाचता आल्या नाहीत, बाकी सर्व आले. बॅटरी बदलल्यावर त्यांच्या संगणकाने कित्येक वर्षांनी योग्य तारीख दाखवली.

माझा डेस्कटॉप कूलरसमोरून हलवून जिन्याखालच्या कोपऱ्यात नेला आहे, तेथे तो संध्याकाळी सात ते दहा चालतो. मिंट मुलीने टाकले, पण या वेळी आधी काय काय वाचवायचे त्याची यादी तिने माझ्याकडून कागदावर लिहून सही करून घेतली. पत्नीचा लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर गेला. वायर उतरवायला वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहे.

खिळेजुळारी काका, बाबांनी आपला निरोप वाचला. इतवारीत आपले दुकान नेमके कोठे होते असे ते विचारत आहेत, आणि पीडीएफ करायला त्यांनी पत्रिकांपासूनच सुरुवात केली आहे.