मदत हवी आहे : ‘सायक्रॉप्टिक’च्या कारकिर्दीतून एक तासाची श्रवणयादी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील होबार्ट येथे 1999 मध्ये स्थापन झालेल्या ‘सायक्रॉप्टिक’ या टेक्निकल डेथ मेटल (घोगऱ्या गायनाचा, गुंतागुंतीच्या वेगवान वादनाचा हेवी मेटलचा उपप्रकार) बँडची कारकीर्द एका तासाच्या श्रवणसत्रात मांडायची आहे. श्रोत्यांना हेवी मेटल परिचित आहे, डेथ मेटल नाही. त्यामुळे लागोपाठ अतिवेगवान गाणी ठेवता येणार नाहीत. जो हेली (गिटार) आणि डेव्ह हेली (ड्रम) हे बंधू सुरुवातीपासून कायम असल्याने वादनातील सातत्य सहज दाखवता येते. अडचण गायनाची आहे. 2003 च्या ‘द सेप्टर ऑफ द एन्शंट्स’मध्ये आधीचे गायक मॅथ्यू चॉक एकाच गाण्यात खर्जापासून किंकाळीपर्यंत इतके आवाज काढतात, की त्यानंतर थेट 2012 चा ‘द इन्हेरिटेड रिप्रेशन’ लावून पाहिल्यावर त्यांच्या जागी आलेल्या जेसन पेपिअट यांची सरळ, आक्रमक शैली उगाचच एकसुरी भासली, आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे. दोन्हींच्या मध्ये ‘सिम्बॉल्स ऑफ फेल्युअर’ (2006) किंवा ‘ऑब्झर्व्हंट’ (2008) यांपैकी एकातील एकच गाणे बसते. ‘डिव्हाइन काउन्सिल’ (2022) समारोपासाठी निश्चित आहे. गायकबदलानंतर गाण्यांची बांधणी कशी बदलली, हे नवख्या श्रोत्याला 2006 आणि 2008 च्या अल्बमपैकी कोणत्या अल्बममधील कोणत्या गाण्यातून अधिक स्पष्ट कळेल?