शब्द हवा आहे: ‘अवेट’ म्हणजे ‘थांब’ का?

रात्रपाळी:
नव्या दोन पोरांना नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) शिकवतोय, मराठीतूनच. कॉलबॅकपर्यंत गाडी बरी चालली. ‘झालं की हाक मार’ म्हटलं, कळलं. अवेटला (उत्तर येईपर्यंत फंक्शनला पुढं न जाऊ देणारा जावास्क्रिप्टमधला शब्द) मात्र ‘थांब’ म्हणालो आणि फसलो. एकाने विचारलं, “दादा, थ्रेड, म्हणजे काम करणारा हात, एकच ना? मग एक रिक्वेस्ट थांबली की बाकीच्यांनी काय करायचं?”

मोडीवाचक:
‘थांब’ नकोच, ‘वाट बघ’ म्हणा. आपल्याकडे वाट बघता बघता माणूस भाजीही निवडतो. अडकून राहतं ते फक्त ते फंक्शन, इव्हेंट लूप (नोडमधला कामं आळीपाळीने हाती घेणारा भाग) तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकतो. फाइल वाचून होईपर्यंत हलू न देणाऱ्या रीडफाइलसिंकसारख्या प्रकाराने सगळंच अडतं, त्याला मराठीत नेमका शब्द आहे: खोळंबा.
पिठाच्या गिरणीत डबा ठेवला, ‘जरा जाडसर’ सांगितलं, चिठ्ठी (हेच प्रॉमिस, नंतर मिळणाऱ्या निकालाची खूण) घेतली आणि मंडईत जाऊन आलो, हे अवेट. पट्ट्याकडे बघत तिथंच उभं राहणं म्हणजे खोळंबणं. गहू, ज्वारी, बाजरीचे तीन डबे असतील आणि पहिल्याचं पीठ घरी नेल्यावरच दुसरा डबा उचलला, तर ते लूपमधलं (एकेक फेरी संपवत जाणाऱ्या कोडमधलं) अवेट. २०० मिलिसेकंदांच्या तीन क्वेरींना (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांना) ६०० लागतात. तिन्ही डबे एकदम ठेवून आलात तर ते प्रॉमिस ऑल, साधारण २००मध्येच काम होतं. (एक डबा नासला की ते लगेच हात वर करतं. बाकीचं पीठ हवंच असेल तर ऑलसेटल्ड घ्या.)

रात्रपाळी:
झकास. आणि प्रॉमिसला? वचन?

मोडीवाचक:
वचन फार सोवळं वाटतं. मोडलं तर रामायण घडतं. प्रॉमिस रिजेक्ट होणं, म्हणजे काम फसणं, ही रोजची गोष्ट. मी ‘वायदा’ म्हणेन. वायदा पाळलाही जातो आणि बुडतोही. शिवाय याच कल्पनेला संगणकशास्त्रज्ञ बेकर आणि ह्युइट यांनी १९७७मध्ये ‘फ्यूचर’ म्हटलं होतं, आणि फ्यूचर्सच्या बाजाराला आपण वायदेबाजारच म्हणतो. एका शब्दात दोन्ही बसले. बुडालेल्या वायद्याची दखल कुणीच घेतली नाही, तर २०२०च्या नोड १५पासून अख्खी प्रोसेसच बंद पडते, हेही पोरांना सांगा.

रात्रपाळी:
सांगतो. काल त्यातलाच एक अवेट लिहायला विसरला. लॉगमध्ये ग्राहकाच्या नावाऐवजी ‘प्रॉमिस, पेंडिंग’ (निकाल अजून बाकी). तासभर डेटाबेसला शिव्या घालत होता. म्हणजे पीठ समजून चिठ्ठीच मळायला घेतली होती गड्याने.