मदत हवी आहे: मेटलमधली सम बाबांना कशी दाखवू?

नमस्कार मंडळी. इथे ख्याल ऐकणारेही आहेत आणि मेटल, म्हणजे गिटार-ड्रमचं ते दणदणीत रॉक, लावून केस सोडून डोकं हलवणारेही, म्हणून हा धागा इथेच काढतोय.

आमचं घर नागपुरात, प्रतापनगरला. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे, तरुणपणी दहा वर्षं तबला शिकलेले. रविवारी सकाळी अंबाझरीला फेरी मारून त्यांचे चार मित्र आणि एक काकू आमच्याकडे येतात. तर्री-पोहे, चहा, मग पाऊण तास गाणं. ज्याची पाळी त्याने ऐकवायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, असा नियम आहे. मागच्या रविवारी मी तर्रीचं भांडं घेऊन आत गेलो तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "रात्री एकटाच कानाला लावून मान हलवत बसतोस. तुझ्या त्या धडधडीत सम कुठे येते, ते दाखव एकदा." काकूंनी आयुष्यभर गाणं शिकवलंय. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी तुझीच पाळी धरू."

हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाबांनी शब्द बरोबर पकडला. सम म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, जिथे फिरून सगळे एकत्र येऊन पोचतात. वीस वर्षं मी हे संगीत ऐकतोय ते त्या एका जागेसाठीच. गाणं सात-आठ मिनिटं चढत राहतं, आणि मग एका ठिकाणी सगळी वाद्यं एकदम येऊन आदळतात आणि मानेपासून दंडापर्यंत काटा येतो. ते येणं त्यांच्या समेपेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

बुधवारी तालीम म्हणून बाबांना एकट्यांना बसवलं. मेटॅलिकाचं 'वन', १९८८ सालचं. युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावून नुसता शुद्धीवर उरलेला सैनिक, त्याचं गाणं. अर्धं गाणं हळवं आहे. मग ड्रमर दोन्ही पायांनी मशीनगनसारखा बास ड्रम सोडतो आणि गिटारी त्याच ठेक्याला येऊन चिकटतात. बाबांचा वेळ जायला नको म्हणून मी थेट साडेचार मिनिटांवर नेऊन सोडलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे म्हणजे अजनीला चढून नागपूरला उतरल्यासारखं झालं. प्रवासाचा शीण कुठून येणार?" (अजनी म्हणजे मुंबईकडून येताना नागपूरच्या अगदी अलीकडचं स्टेशन.)

गुरुवारी उलट केलं. आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' (१९८४), साडेतेरा मिनिटांच्या वर, पूर्ण. कोलरिजच्या कवितेवरचं. हे मी १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या मैदानात प्रत्यक्ष ऐकलंय, विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून जाऊन. मधे गाणं जवळजवळ थांबतं. वारा पडलेलं जहाज, लाकडांची करकर, कुजबुजल्यासारखं निवेदन, एकटा बास (खर्जाची गिटार). तिथून एकेक करत सगळे परत येतात आणि शेवटी गायक ब्रूस डिकिन्सनची ती किंकाळी. मैदानात त्या वेळी शेजारचा एक अनोळखी मुलगा माझा दंड घट्ट धरून उभा होता. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि घरी? मे महिना, कूलर चालू. करकर जहाजाची की कूलरची, हेच बाबांना कळेना. "पाणी संपलं वाटतं," म्हणून ते उठले. किंकाळी आली तेव्हा बाबा बादली घेऊन गॅलरीत होते.

तर जाणकारांनो, दोन-तीन गाणी सुचवा. घशातून गुरगुरणारे गायक नकोत, काकू आहेत. एकेक गाणं पंधरा मिनिटांच्या आत हवं. काटा अनोळखी माणसालाही यायला हवा. आणि मुख्य प्रश्न: नेमकी जागा तेवढी दाखवायची काही सोय आहे का, की प्रत्येक वेळी मुंबईपासूनच बसून यावं लागतं?

*

सावजी_शिलेदार:

भाऊ, काहून येवढं टेन्शन घेऊन राह्यला? डायरेक्ट ओपेथ लाव. 'डिलिव्हरन्स', २००२. शेवटची तीनेक मिनिटं एकच रिफ (गिटारची छोटी ओळ), तोच तो, तोच तो, ड्रम अन् गिटार एका श्वासात. मिरवणुकीत संदलवाले कसे एकाच ठेक्यावर अडकून बसतात अन् पब्लिक पागल होते, तसं. गाणारा तिथं तोंडसुद्धा उघडत नाही. काकूले काय त्रास?

*

धागाकर्ता:

शेवटी उघडत नाही, पण त्याआधीची दहा मिनिटं उघडतो ना बे. तोवर काकू घरी पोचतील.

*

धिनधागे:

अमरावतीहून लिहितोय, तबला माझं रोजचं काम आहे आणि ब्लॅक सबाथ हा बँड माझं जुनं व्यसन. अजनीवरून तुमचे बाबा जे बोलले त्यातच तुमचं उत्तर आहे. सम कापून दाखवता येत नाही. मात्र पूर्ण ऐकवलं की आपोआप सम कळेल, असंही नाही. तीनताल ज्याच्या कानात नाही त्याला सोळावी मात्रा संपत आलीय हे कळत नाही, मग तो कशाची वाट पाहणार? मैफलीत गायक लांब फिरून मुखड्यावर येतो तेव्हा आपण 'आहा' म्हणतो, कारण तो मुखडा आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. तुमच्या मंडळींना मुखडाच ठाऊक नाही. तो आधी द्या.

सोपं उदाहरण घ्या. ब्लॅक सबाथचं त्यांच्याच नावाचं गाणं, १९७०. पाऊस, घंटा, मग तीन सूर: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. बस्स. त्यावरच बहुतेक गाणं उभं आहे आणि शेवटी तेच गाणं दौडत सुटतं. काकूंना पेटीवर ते तीन सूर आधी वाजवून दाखवा, नाव-गाव न सांगता. मग गाणं लावा.

आणि बाबांना सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी याच्या बोटांची गोष्ट सांगा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. तबलजीला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

*

जुना_वॉकमन:

वर धिनधागे यांनी लिहिलंय त्याला शास्त्राचाही थोडा आधार आहे. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काटा येणाऱ्या श्रोत्यांच्या मेंदूचं चित्रण केलं होतं. डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, दोनदा सुटतं असं दिसलं: एकदा क्षण येण्याआधीच्या वाट पाहण्यात, मेंदूच्या एका भागात, आणि मग प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात. तुम्ही साडेचार मिनिटांवर नेलंत म्हणजे पहिला हप्ता बुडवलात. पण त्यात अजून एक गोम आहे. ते श्रोते आपापल्या आवडीचं संगीत घेऊन आले होते. अनोळखी गाण्यावर अनोळखी माणसाला काटा आणायचा म्हणजे काम अवघड.

म्हणून माझं मत 'स्टारलेस'ला. किंग क्रिम्सन, १९७४, 'रेड' अल्बममधलं शेवटचं, बारा मिनिटं आणि थोडी सेकंदं. हे गाणं स्वतःचा मुखडा स्वतःच शिकवतं. आधी एक उदास, संथ चाल येते. तीन कडवी, गळा अगदी मऊ. मग सगळं थांबतं आणि बास तेरा मात्रांची एक जड फिरकी धरतो. त्यावर रॉबर्ट फ्रिपची गिटार एकाच सुरावर बसते. बसते म्हणजे बसतेच. मग तो सूर थोडा वर, पुन्हा थोडा वर. चारेक मिनिटं नुसतं हेच. खाली ड्रम एकेक भांडं आणून ठेवत जातो. कंटाळा येईल असं वाटतं तिथे खुर्चीचा हात धरायची वेळ येते. मग वेग दुप्पट होतो, सॅक्सोफोन सुटतो, आणि त्या सगळ्या गोंधळातून ती पहिली उदास चाल परत येते. तिला तुम्ही दहा मिनिटांपूर्वी भेटलेले असता. वेगळी ओळख करून द्यायला लागत नाही.

आवाजाबद्दल. कूलर बंद, पंखा एकवर. गाण्यातली सगळ्यात मोठी जागा आधी एकदा लावून आवाज तिथे पक्का करा, मग बटणाला हात लावू नका. सुरुवात फार हळू वाटेल, वाटू द्या. बास बूस्ट वगैरे काही असेल तर काढून टाका. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून मेटॅलिकाला त्यांच्याच चाहत्यांनी धारेवर धरलं होतं, कारण सगळं दाबून सारखंच मोठं केलं होतं. हळू काही उरलंच नाही तर मोठं कशाच्या मानाने म्हणायचं?

*

सावजी_शिलेदार:

'स्टारलेस' मेटल नाही. नोंद घ्यावी.

*

जुना_वॉकमन:

नोंद घेतली. बाबांना प्रमाणपत्र नको आहे, सम हवी आहे.

*

तिरकस_मात्रा:

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत दोन नावं टाकतो. टूलचं 'लॅटरॅलस' (२००१). ध्रुवपदाच्या वेळी ९, ८, ७ अशा मात्रा फिरतात, आणि सुरुवातीच्या ओळींत शब्दावयवांची संख्या १, १, २, ३, ५, ८ अशी वाढून परत उतरते. ही फिबोनाचीची माळ, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. पण लघु-गुरूंची वृत्तं मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, हीच माळ मांडली होती. काकूंना हे सांगितलंत तर त्या शेवटचा आरडाओरडाही सोसतील. कदाचित.

दुसरं, रेनबोचं 'स्टारगेझर' (१९७६). साडेआठ मिनिटांच्या आत. एक जादूगार गुलामांकडून मनोरा बांधून घेतो, वर चढतो आणि उडायच्या ऐवजी पडतो. रॉनी जेम्स डिओचा गळा म्हणजे खणखणीत नाणं, गुरगुर अजिबात नाही, मागे म्युनिकचा वाद्यवृंद. शेवटी तो आलाप घेत सुटतो. ख्यालवाल्यांना परका वाटणार नाही.

*

धागाकर्ता:

सगळ्यांना दंडवत. काल पाळी झाली. क्रम असा ठेवला: सबाथ, 'स्टारगेझर', 'स्टारलेस'. 'लॅटरॅलस' राखून ठेवलं.

साडेसातलाच कूलर बंद केला. आठ वाजता सगळ्यांच्या बनियनी ओल्या, पण कुणी तक्रार केली नाही, नियम म्हणजे नियम. काकूंना पेटीवर तीन सूर वाजवून दाखवले. त्या म्हणाल्या, "सकाळी तीव्र मध्यम म्हणजे तोडी ऐकवतोस की काय?" मी म्हटलं ऐका. पाऊस सुरू झाला, घंटा वाजली, आणि एक काका घंटागाडी आली समजून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. त्यांना हाताला धरून बसवेपर्यंत पहिला रिफ निघून गेला होता. गाणं संपल्यावर काकूंचा अभिप्राय: "हा तोडीतला मध्यम नाही रे. हा भूत दिसल्यावरचा आहे." मी हे वाक्य फ्रेम करून लावणार आहे.

आयोमीच्या बोटांची गोष्ट सांगितली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने पाहिलं तर अंगठ्याने स्वतःच्या मधल्या बोटाचं टोक चाचपत होते.

'स्टारगेझर' आवडलं, पण आवडलं एवढंच. गळ्याचं कौतुक झालं, पोहे पुन्हा मागितले गेले.

'स्टारलेस'ला मी चूक केली असं पहिली चार मिनिटं वाटत होतं. एक काका पेंगले. मग बासची ती फिरकी सुरू झाली आणि बाबांचा उजवा हात मांडीवर आला. आधी त्यांनी एकतालाच्या बारा धरल्या. हात समेवर पडला आणि गाणं एक मात्रा पुढे राहिलं. पुन्हा धरल्या, पुन्हा चुकलं. कपाळाला आठ्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात आणि बास एकत्र पडले, आणि बोलायचं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून आधी दहा बोटं दाखवली, मग तीन. त्यानंतर गिटारचा तो एक सूर वर वर जात राहिला आणि बाबांचा हात काही थांबला नाही. काकूंनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला होता. वेग दुप्पट झाला तेव्हा पेंगलेले काका जागे झाले. मग ती पहिली चाल परत आली. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, हाताकडे बघितलं. मनगटाच्या वरचे पांढरे केस उभे होते.

संपल्यावर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, "परत लाव. आणि अजनीपासून नको."

पुन्हा पूर्ण बारा मिनिटं झाली. आजपासून ते दर दोन तासांनी विचारताहेत की तेरा मात्रांचं अजून काही आहे का. अकरा आणि पंधराही चालतील म्हणतात. आहे का काही? गुरगुर नको, काकूंनी पुढच्या रविवारची पाळी मला दिलीय.